आवाज ट्रॅकवर चिकटवल्यासारखा का वाटतो

तुझा प्रश्न मी नीट समजलोय का ते आधी बघ. तू घरी लॅपटॉपवर डब आणि डान्सहॉल या जमैकन संगीतप्रकारांच्या वळणाचे पण बऱ्यापैकी वेडेवाकडे इलेक्ट्रॉनिक ट्रॅक करतोस, तुझी मैत्रीण गाते, ती १० वर्षं शास्त्रीय शिकलीये, ८ महिने दोघं मिळून बसताय, ११ ट्रॅक अर्धवट पडलेत आणि प्रत्येकात तिचा आवाज वरून चिकटवल्यासारखा वाटतो. आणि शेवटी विचारलंयस की हे संगीत जमैका-त्रिनिदादच्या लोकांचं, मग आपण त्यात हात घालावा का. सोबत २ क्लिप पाठवल्यास, एक ९६ बीपीएमची, म्हणजे मिनिटाला ९६ ठोक्यांची, आणि एक १४० ची. दोन्ही मी हेडफोनवर आणि मग मोठ्या स्पीकरवर ४-५ वेळा ऐकल्या.

मी हे काम १७ वर्षं करतोय, त्यातली ६ ब्रिस्टलमध्ये गेली, बाकीची ठाण्यात. त्या ६ वर्षांत बहुतेक सगळं काम एकाच गायिकेबरोबर केलं, तिच्या घरचे लोक मूळचे त्रिनिदादचे. त्यामुळे जे सांगतोय ते बरंचसं तिच्याकडून शिकलेलं आहे, आणि काही चुकून शिकलेलं.

९६ वाल्या क्लिपमध्ये मी मोजलं. किक म्हणजे ड्रमचा जड ठोका, २ स्नेअर म्हणजे कडक ठोके, टाळ्या, सब-बास म्हणजे सगळ्यात खालचा बास, त्याच्या वर अजून एक घोगरा बास, ३ पॅड म्हणजे मागे पसरलेले लांब सूर, पक्ष्यासारखा एक आवाज आणि रेकॉर्डची खरखर, आणि हे सगळं पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत चालू. मग त्यात ती येते. म्हणजे लोकलमध्ये तिघं ऐसपैस बसलेत आणि तिला तू चौथी सीट दिलीयेस, अर्धी मांडी बाहेर. आता तिचा आवाज इक्यू करून, कॉम्प्रेस करून, रिव्हर्ब वाढवून तू तिला आत ढकलायचा प्रयत्न करतोयस, पण जागाच नाहीये तर बसणार कुठे. चूक मिक्सिंगमध्ये नाही, त्याच्या खूप आधी झालीये, तू ट्रॅक पूर्ण करून मग तिला बोलावलंस तेव्हा.

तू ज्या संगीतातून हे सगळं घेतोयस त्याचा जन्मच मुळात काहीतरी काढून टाकण्यातून झालाय, हे नुसतं वाचून सोडू नकोस. १९६० च्या दशकाच्या शेवटी जमैकात स्पॅनिश टाउनचा रडी रेडवूड नावाचा साउंड सिस्टमवाला, म्हणजे मोठे स्पीकर लावून लोकांना नाचवणारा माणूस, ट्रेझर आइल स्टुडिओत एक डिस्क कापून घ्यायला गेला, इंजिनिअरकडून गायकाचा ट्रॅक चालू करायचा राहिला, आणि ती बिनगाण्याची डिस्क त्याने तशीच लोकांसमोर वाजवली तर सगळी गर्दी स्वतःच गायला लागली. हा किस्सा जमैकन संगीताच्या बहुतेक इतिहासांत येतो. तिथून व्हर्जनची पद्धत पडली, रेकॉर्डच्या एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला त्याचाच रिकामा केलेला अवतार. मग यू-रॉय या डीजेने त्या रिकाम्या जागेत मूळ गाण्याचे थोडे तुकडे ठेवून त्यांच्या मधेमधे बोलायला सुरुवात केली आणि १९७० मध्ये त्याची असली रेकॉर्ड्स जमैकाच्या चार्टवर चढली. लक्षात घे, जमैकात डीजे म्हणजे रेकॉर्ड लावणारा नाही, माइकवर बोलणारा. रेकॉर्ड लावतो तो सिलेक्टर.

आणि किंग टबी. हा माणूस मूळचा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा, किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागात राहणारा. घरातच छोटा स्टुडिओ, बाथरूमचं व्हॉइस बूथ केलेलं. चार ट्रॅकची टेप आणि एक जुनं मिक्सिंग डेस्क, ज्यात एक मोठं गोल बटण फिरवलं की खालची फ्रिक्वेन्सी पायरी-पायरीने गायब होत जायची. त्याच्याकडे नवीन वाजवून घालायला जवळजवळ काहीच नव्हतं, त्यामुळे तो फक्त बंद करायचा आणि चालू करायचा. गायकाचा एखादा शब्द सोडायचा, इको मध्ये फेकायचा, शब्द विरत असताना ड्रम बंद करायचे. हेच डब. म्हणजे चार फेडरवर, आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणांवर, बसलेला माणूस हाच त्या गाण्यातला दुसरा गायक झाला. प्रोड्यूसर आणि व्होकलिस्ट यांची जुगलबंदी जी तू शोधतोयस ती इथे आहे.

आता माझी चूक सांगतो. ब्रिस्टलमधल्या पहिल्या सेशनला मी ४२ ट्रॅकचं प्रोजेक्ट उघडून तिच्यासमोर ठेवलं. महिनाभर राबलो होतो त्यावर. तिने हेडफोन लावले, दोन मिनिटं ऐकलं, हेडफोन काढले आणि म्हणाली की हे छान आहे, यात माझं काय काम? मला वाटलं कौतुक करतेय. मग तिने मला एकेक ट्रॅक म्यूट करायला लावला, किक ठेवली, बास ठेवला, आणि मागे एक टेपचा हिस्स, म्हणजे सततची सळसळ, होता तो ठेवला, बाकी ३९ बंद. आणि मग ती जे गायली ते आम्ही नंतर रेकॉर्डवर जसंच्या तसं वापरलं. ते ३९ ट्रॅक मी फेकले नाहीत, पण त्यातले ५ सुद्धा परत आले नाहीत.

म्हणून तुम्हा दोघांना पहिलं काम हे, की पुढच्या सेशनला तू तिच्याकडे रिदिम घेऊन जा, ट्रॅक घेऊन जाऊ नकोस. रिदिम म्हणजे फक्त ड्रमचा ठेका नव्हे, त्यांच्या भाषेत ड्रम आणि बासलाइन मिळून जो सांगाडा होतो तो रिदिम, ज्यावर १० वेगवेगळे लोक १० वेगवेगळी गाणी करू शकतात. किक, बास आणि एखादा पोत असलेला आवाज. फॅनचा, पावसाचा, काहीही. हे २० मिनिटं लूपवर ठेवायचं, रेकॉर्ड चालू करायचं आणि तिला काहीही सांगायचं नाही. पहिली ७-८ मिनिटं बहुतेक वाया जातात, ती जाऊ दे. ती कंटाळली की मगच खरं काहीतरी येतं, माझा तरी अनुभव असाच आहे. नंतर त्या २० मिनिटांतले तुकडे काढायचे आणि बाकीचा ट्रॅक त्या तुकड्यांच्या भोवती बांधायचा, म्हणजे ती जिथे श्वास घेते तिथे तुझा आवाज, ती जिथे गाते तिथे तू गप्प.

एक महत्त्वाची गोष्ट, जी इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये तुला सापडणार नाही कारण त्यांना तिच्यासारखी गायिका भेटत नाही. क्लिपमधल्या तिच्या विश्रांतीच्या जागा बघता तिचा सा मला हार्मोनियमच्या काळी ४ चा वाटतोय. बरोबर असेल तर तो साधारण २०८ हर्ट्झ. तो दोन सप्तकं खाली आणला की ५२ हर्ट्झ येतात, आणि ५२ हर्ट्झ ही सब-बाससाठी सोन्यासारखी जागा आहे, मोठ्या स्पीकरवर छातीत बसते आणि इतकीही खाली नाही की छोट्या सिस्टमवर नाहीशी व्हावी. तू मात्र बास ४१ हर्ट्झवर, म्हणजे पाश्चात्त्य ई या स्वरावर ठेवलायस, कारण सॉफ्टवेअरमधला तो तयार आवाज तिथे छान वाजत होता. त्यामुळे ती सबंध गाणं स्वतःचा सा सोडून परक्या घरात गातेय आणि तो अवघडलेपणा ऐकू येतो. तानपुरा आपण गायकाच्या सा ला लावतो ना, गायकाला तानपुऱ्याला लावत नाही, मग बासचंही तेच. आधी तिला विचार, मग सब ट्यून कर. एवढा एक बदल केलास तरी अर्धं चिकटवल्यासारखं वाटणं जाईल असं मला वाटतं.

आणि तिच्या आवाजावर पिच करेक्शन, म्हणजे सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर, लावलंयस ते काढ. मींड म्हणजे दोन स्वरांच्या मधला प्रवास, आणि ते सॉफ्टवेअर तिला १२ पायऱ्यांवर उड्या मारायला लावतंय. डान्सहॉलमध्ये ऑटोट्यून सर्रास वापरतात हे खरं, पण तिथे तो जाणूनबुजून, एखाद्या वाद्यासारखा वापरतात, तू तो भीतीपोटी लावलायस.

तिच्याकडूनही एक गोष्ट बदलावी लागेल, ती म्हणजे शब्दांकडे बघण्याची सवय. शास्त्रीय शिकलेली माणसं स्वराला धरून राहतात, आकार लांबवतात, व्यंजन पटकन उरकून टाकतात. या संगीतात व्यंजन हाच ड्रम. क, ट, प, च यांचा फटका किकच्या आणि स्नेअरच्या मधल्या जागेत पडला पाहिजे. तिला सांग की ठेका ३-३-२ असा मोजून टाळी वाजव, १-२-३, १-२-३, १-२, आठ मात्रांत. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर हा ठेका कॅरिबियनमध्ये आला आणि कॅलिप्सो, सोका, डान्सहॉल, रेगेटॉन अशा तिथल्या सगळ्या संगीतप्रकारांच्या पोटात बसलाय. आपला भजनी ठेकाही ८ मात्रांचाच, पण वजन वेगळ्या जागी पडतं, म्हणून तिचा हात सुरुवातीला सारखा घसरेल. पंधरा दिवस फक्त टाळी आणि बोल. गाणं नको.

त्रिनिदादचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण हा भाग मला फार जवळचा आहे. माझी ती सहकारी तिच्या वडिलांच्या आईला आजी म्हणायची. पहिल्यांदा तिच्या तोंडून फोनवर आजी ऐकलं तेव्हा मी चमकून बघितलं, मला वाटलं माझी गंमत करतेय. पण तसं नव्हतं, तिच्याकडे वडिलांचे आईवडील म्हणजे आजा-आजी आणि आईचे आईवडील म्हणजे नाना-नानी. हा शब्द तिच्याकडे मराठीतून नाही, भोजपुरीतून आलाय. १८४५ मध्ये फातेल रझाक नावाचं जहाज गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या, मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागलं आणि १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं अशी गेली, बहुतेक कलकत्त्याहून चढलेली, आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली. त्यांच्याबरोबर ताशा गेला. हो, तोच ताशा. तिथे त्याला टासा म्हणतात, त्यात कटर आणि फुले अशी दोन कातडी वाद्यं, एक मोठा बास ढोल आणि पितळी झांजा, आणि वाजवण्याआधी कातडं विस्तवावर तापवून चढवतात. पुण्यात मिरवणुकीत वाढलेल्या माणसाला तो ऐकून अंगावर काटा येईल, पण त्याच वेळी हेही कळेल की हे आपलं नाही, बोल वेगळे आहेत, उसाच्या मळ्यांतून आणि मोहरमच्या ताबुतांमधून आलेलं वेगळं काहीतरी आहे. १९७३ मध्ये लॉर्ड शॉर्टी या कॅलिप्सो गायकाने ढोलकाचा ठेका कॅलिप्सोत मिसळून इंद्राणी नावाचं गाणं केलं आणि त्या खटपटीतून पुढे सोका उभं राहिलं. म्हणजे तू ज्याला कॅरिबियन म्हणतोस त्यात आपल्याकडच्या गरीब माणसांचा हातही आधीपासून आहे. जमैकात २००२-०३ च्या सुमाराला लेंकी या प्रोड्यूसरचा जो टाळ्यांचा रिदिम जगभर गाजला त्याचं नाव दिवाली होतं, आणि त्यावर शॉन पॉल, वेन वंडर अशा कितीतरी जणांनी वेगवेगळी गाणी केली.

तर करावं का, या प्रश्नाला माझं उत्तर हो असं आहे, पण एका अटीवर. तिने पॅटवाचा, म्हणजे जमैकातल्या लोकांच्या भाषेचा, खोटा उच्चार करायचा नाही. ९६ वाल्या क्लिपमध्ये दोन ठिकाणी ती ते करतेय आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण बाकी ती इतकी चांगली गातेय. पॅटवा ही व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, शाळेत आणि कोर्टात जिला पिढ्यानपिढ्या अडाणी लोकांची बोली म्हणून हिणवलं गेलं. ती कुणाची तरी आईची भाषा आहे, इफेक्टचं बटण नाही. कोकणीत किंवा अहिराणीत कुणी परक्याने गंमत म्हणून चार शब्द वाकडे करून गायले तर कसं वाटेल, तसंच ते. ठेका घ्या, बासचा विचार घ्या, रिकाम्या जागेची शिस्त घ्या, तोंड मात्र स्वतःचं ठेवा. तिला मराठीत गाऊ दे. तिच्या घरात कुणाला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या नुसत्या बासवर गाऊन बघा, जात्याची घरघर हा सतत चालणारा खालचा सूरच असतो, ओवी मुळातच अशा एका घुमणाऱ्या आवाजावर उभी राहिलेली आहे, त्यामुळे ती डबमध्ये घुसवावी लागत नाही.

या दिशेने ज्यांनी काम केलंय त्यांच्यातल्या काही जोड्या ऐक, पण प्रोड्यूसर काय वाजवत नाहीये याकडे कान ठेवून ऐक. लिंटन क्वेसी जॉन्सन हा कवी, जमैकात जन्मलेला, १९६३ मध्ये लहानपणी लंडनला आलेला, आणि त्याच्याबरोबर बार्बाडोसमध्ये जन्मलेला डेनिस बोव्हेल. १९७८ पासून त्यांनी जे केलं त्यात कवितेची चाल आणि बासची चाल एकच आहे, आधी शब्द, मग त्या शब्दांच्या पावलांवर बास. १९८० मध्ये त्याच कामाचं बिनशब्दांचं डब रेकॉर्ड निघालं आणि तरीही कविता ऐकू येते असं वाटतं. मग लंडनचीच पुढची पिढी, प्रोड्यूसर कोड९ आणि त्याच्या ट्रॅकवर बोलणारा स्पेसएप. २००४ मध्ये हायपरडब या लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचं, पहिलंच रेकॉर्ड त्यांचं, त्यात ड्रम जवळजवळ नाहीतच, फक्त खोल बास आणि एक जड, संथ बोलणारा आवाज. इतकं कमी करूनही ट्रॅक उभा राहतो हे मला त्या रेकॉर्डने शिकवलं. स्पेसएप २०१४ मध्ये कॅन्सरने गेला, आजारपणातही तो लिहीत होता, शेवटचं काम त्याच वर्षी आलं, ते मी अजून सलग ऐकू शकत नाही.

बर्लिनचे रिदम अँड साउंड, म्हणजे मार्क अर्नेस्टस आणि मॉरिट्झ फॉन ओस्वाल्ड, आणि त्यांच्याबरोबर गाणारा पॉल सेंट हिलेअर, जो मूळचा डॉमिनिका बेटावरचा. टेक्नोवाल्या दोन जर्मन लोकांनी आपलं सगळं कौशल्य धूसर, संथ, एकाच कॉर्डवर चालणाऱ्या रिदिममध्ये ओतलं आणि त्याला तिथे अगदी हळू, पुटपुटल्यासारखं गाऊ दिलं. २००५ मध्ये त्यांनी एकाच रिदिमवर विली विल्यम्स, शुगर मिनॉट, सेंट हिलेअर असे वेगवेगळे गायक बसवून अख्खं रेकॉर्ड केलं. ते तुम्ही दोघांनी एकत्र बसून ऐका, कारण सांगाडा तोच राहतो आणि माणूस बदलला की गाणं बदलतं, हे त्याइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

द बग म्हणजे केव्हिन मार्टिन, याचं २००८ चं रेकॉर्ड वॉरियर क्वीन, फ्लोडॅन वगैरेंबरोबर अतिशय आक्रमक आहे. पण त्याच माणसाने त्रिनिदादशी नातं असलेला कवी रॉजर रॉबिन्सन आणि किकी हितोमी यांच्याबरोबर किंग मिडास साउंड केलं, तिथे आवाज जवळजवळ कुजबुजतो आणि मागे गोंगाटाची भिंत. गोंगाट असेल तर गायकानेही ओरडायचं असं नसतं, उलट हळू बोललेलं जास्त जवळ येतं. रॉबिन्सनला पुढे २०१९ चं टी. एस. एलियट पारितोषिक मिळालं, म्हणजे शब्दांचं वजन केवढं असेल बघ. आणि किंग्स्टनमध्येच बसून काम करणारे इक्विनॉक्स, ज्यांच्या २०१६ च्या रेकॉर्डमध्ये पक्ष्यांचे आवाज ड्रमसारखे वापरलेत, आणि ज्यांच्याबरोबर शनीक मरी गाते. प्रयोग बाहेरचेच लोक करतात आणि जमैकावाले फक्त कच्चा माल देतात असा एक समज आपल्याकडे आहे, तो हे ऐकून जाईल. खरं तर १९८५ मध्येच गेला पाहिजे होता, जेव्हा वेन स्मिथ आणि किंग जॅमी यांनी कॅसिओ एमटी-४० नावाच्या घरगुती कीबोर्डमधला एक तयार ठेका घेऊन स्लेंग टेंग केलं आणि सबंध जमैकन संगीत डिजिटलकडे वळलं. तो ठेका कॅसिओत नोकरी करणाऱ्या हिरोको ओकुडा या जपानी बाईने बसवला होता.

गायकाचं नाही म्हणणं किती उपयोगी असतं याचं एक उदाहरण. ब्रिस्टलचा मॅसिव्ह अटॅक हा बँड जमैकन गायक हॉरेस अँडीबरोबर १९९८ च्या रेकॉर्डसाठी दुसऱ्याच एका बँडचं जुनं गाणं करत होता, पण त्यात नरक हा शब्द होता आणि हॉरेस अँडी रास्ताफारी या जमैकन धर्मपंथाचा, तो म्हणाला मी हा शब्द गाणार नाही. मग त्याच्याच एका जुन्या गाण्यातल्या ओळी त्या संगीतावर आल्या आणि त्यातून त्यांचं सगळ्यात भारी गाणं निघालं. तुझी मैत्रीण एखादी ओळ गायला तयार नसेल तर वाद घालू नकोस, विचार की मग काय गाशील.

आता हाताने करायच्या गोष्टी. डिले, म्हणजे इकोचा इफेक्ट, आवाजाच्या ट्रॅकवर थेट लावू नकोस, वेगळ्या सेंडवर, म्हणजे इफेक्टकडे जाणाऱ्या वेगळ्या वाटेवर ठेव आणि सेंडचं बटण हाताने उघड-बंद कर. सॉफ्टवेअर हाताने चालवायच्या एका छोट्या मिडी कंट्रोलरवर ४ फेडर, बस, टबीच्या टेपवरही चारच ट्रॅक होते. १४० ला एक बीट साधारण ४२८ मिलिसेकंदांची येते, त्याच्या पाऊण भागावर, म्हणजे ३२१ च्या आसपास डिले ठेवलास तर इको ठेक्याच्या अध्येमध्ये पडतो आणि तिच्या पुढच्या शब्दावर आदळत नाही. इकोच्या परतीच्या वाटेवर ३०० हर्ट्झच्या खालचं काप, नाहीतर बासचा चिखल होतो. फीडबॅक, म्हणजे इको परत इकोतच किती जातो ते, वाढवत नेऊन अगदी शिट्टी वाजायच्या आत मागे घे, ते हाताला कळायला महिना-दोन महिने लागतात. आणि मिक्स करताना ती शेजारी बसलेली असली पाहिजे. पूर्ण ट्रॅक ८-१० वेळा लाइव्ह मिक्स करा, प्रत्येक वेळी रेकॉर्ड करा, अर्ध्या वेळी फेडर तिच्या हातात दे. माझ्या सहकारीचे सगळ्यात धाडसी म्यूट तिनेच केलेले आहेत, स्वतःचाच आवाज मधेच कापायची हिंमत मला कधी झाली नसती.

बास हेडफोनवर ठरवू नकोस. मोठा साउंड सिस्टम ऐकायला जा, गोव्यात २०१६ मध्ये सनस्प्लॅश नावाचा रेगे महोत्सव सुरू झाला, अशा ठिकाणी एकावर एक रचलेल्या स्पीकरसमोर उभं राहिलं की आपण घरी बसून बासच्या वर केवढा कचरा भरत होतो ते पोटाला कळतं.

पैशांचं आणि नावाचं आजच बोला, गाणं व्हायच्या आधी. या संगीताच्या इतिहासात यावरून फार रडारड झालीये, जमैकात वादकांना आणि गायकांना एकदाच हातावर थोडे पैसे टेकवून सगळे हक्क प्रोड्यूसरने ठेवायचे ही कित्येक वर्षांची रीत होती. आणि रिदिमच्या मालकीचा वाद अजून संपलेला नाही, स्टीली अँड क्लीव्ही या जमैकन प्रोड्यूसर जोडीच्या १९८९ च्या एका रिदिमवर रेगेटॉन उभं राहिलं असं म्हणत २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात दावा दाखल झाला. माझ्या बाबतीत, आमचं पहिलं रेकॉर्ड एका छोट्या लेबलने काढलं, कव्हरवर फक्त माझं नाव आणि तिचं मागे बारीक अक्षरात. मी त्यांना दुरुस्त करायला सांगितलं नाही. मला वाटलं आता छापलंय तर राहू दे. तिने एका शब्दाने विचारलं नाही आणि पुढचे ४ महिने ती आली नाही. ते माझं चुकलं होतं, आणि मी माफी मागायला चार महिने लावले हे त्याहून मोठं चुकलं.

म्हणून एका कागदावर लिहा, शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंग कुणाच्या मालकीचं, टक्केवारी काय, आणि दोघांची सही. ती २० मिनिटं जे सुचेल ते गाते ती चाल आहे, आणि चाल करणारा संगीतकारच असतो, नुसता गायक नाही. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केलाय, त्यासाठी आयपीआरएस या त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद व्हा, आणि गायिका म्हणून तिच्यासाठी इसाम्रा ही गायक-वादकांची वेगळी संस्था आहे, जिचं आधीचं नाव इस्रा होतं. अर्ध-अर्ध करा असं मी सांगेन, दोघंच आहात तर हिशोब करत बसू नका.

राहिले ११ ट्रॅक. १० बाजूला ठेव. ती १४० वाली क्लिप घे. तिच्यात १ मिनिट ४० सेकंदांवर तुझा लॅपटॉप अडकलाय असं वाटतं, सगळं एकदम बंद पडतं, २ सेकंद फक्त सब उरतो, आणि तिला कळत नाही काय झालं म्हणून ती श्वास घेते आणि मग एकटीच, अगदी हळू, ती ओळ परत म्हणते. तू बहुतेक ते कापून टाकणार होतास, कारण त्याच्यानंतर लगेच ड्रम दुप्पट जोरात आलेत. कापू नकोस. गाणं तिथून सुरू कर, तो श्वास पहिला ठेव, सब तिच्या सा ला आण, आणि ड्रम परत आणायची घाई करू नकोस, निदान पहिला सव्वा मिनिट तरी. झालं की पाठव, मी ऐकतो.